ज्वाळांवर कट

‘पद्मावत’चा शेवट आठवून बघा. लाल साड्या, हळू केलेली चाल, चढत जाणारं संगीत. दीपिका पदुकोण पुढे, मागे शेकडो बायका, त्यांत एक गरोदर बाई, एक लहान मुलगी. खिलजी धापा टाकत आत घुसतोय आणि दार बंद होतंय. मग पडदाभर ज्वाळा, आणि कट.

२५ जानेवारी २०१८ला सिनेमा आला, तेव्हा स्वरा भास्करने संजय लीला भन्साळींना लिहिलेलं खुलं पत्र खूप फिरलं. बाईची किंमत तिच्या अब्रूपुरतीच आहे का, बलात्कारानंतर बाईला जगायचा हक्क नाही का, असा तिचा सवाल होता. सवाल रास्त होता आणि तिला त्याबद्दल मिळालेल्या शिव्या नेहमीच्याच होत्या. मला मात्र त्या शेवटात आणखी एक गोष्ट खटकत राहिली. ती म्हणजे शॉट कापलाय कुठे. जाळ दिसला की गोष्ट संपली, असा तो कट आहे. आणि हा कट एकट्या भन्साळींचा नाही. आपल्या कादंबऱ्या, बातम्या, मोर्च्यांची पत्रकं, घरातल्या कुजबुजी सगळ्या तिथेच कापतात. स्वतःला जाळून घेणारं माणूस आपल्या भाषेत एका क्षणाचं असतं. त्याआधी ते फक्त ‘कंटाळलेलं’ असतं आणि नंतर ‘टक्केवारी’.

सिनेमाच्या सुरुवातीला सती-जोहाराचं समर्थन करत नाही अशी पाटी येते. १९८७मध्ये राजस्थानातल्या देवरालात १८ वर्षांच्या रूप कंवरच्या मृत्यूनंतर सतीप्रतिबंधाचा जो कायदा आला, त्यात सतीचं उदात्तीकरण हाच गुन्हा आहे. म्हणून पाटी. पण उदात्तीकरण पाटीत नसतं, ते प्रकाशयोजनेत असतं. आनंद पटवर्धनांच्या ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’चा पहिला भाग पाहिला तर फरक लगेच कळतो. तिथे कॅमेरा आगीकडे बघत नाही, आगीभोवती जयजयकार करणाऱ्या पुरुषांकडे बघतो.

मराठी वाचकाने यावर फार हसू नये. आपल्याकडे ‘अग्निदिव्य’ हा शब्द कौतुकाचा आहे. गावाच्या वेशीवर बांगड्या भरलेला हात कोरलेल्या सतीशिळा आहेत आणि त्यांना कुंकू लागतं. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ची. माधवराव पेशव्यांइतक्याच त्यांच्या रमाबाईही वाचकांच्या लक्षात राहिल्या, आणि त्या मुख्यतः थेऊरला सती गेल्या म्हणून राहिल्या. ही कादंबरी किती मराठी घरांत लग्नात भेट म्हणून गेली असेल, याचा विचार करून बघा.

आता कटच्या पलीकडे जाऊ. भाजल्याची बातमी नातेवाइकांत पोहोचली की पहिला प्रश्न ‘किती टक्के?’ हा असतो. वैद्यकशास्त्रातला हा एक आकडा आपल्याकडे शाळा न शिकलेल्या आजीलाही माहीत असतो. तो काढायची साधी रीत ‘नऊचा नियम’ म्हणून ओळखली जाते. मोठ्या माणसाचा एक हात ९, एक पाय १८, पोट-छाती मिळून १८, पाठ १८, डोकं ९ असा हिशोब. किती सलाईन द्यायचं ते ठरवायला हा आकडा लागतो. म्हणजे तो उपचार सुरू करण्यासाठीचा आकडा आहे. आपण मात्र तो निकाल म्हणून ऐकतो. साठ म्हटलं की मावशी पदर डोळ्यांना लावते. जखम किती खोल आहे, वय काय, धूर छातीत गेलाय का, पहिल्या काही तासांत पाणी आणि दवाखाना मिळाला का, पुढे जंतुसंसर्ग आटोक्यात राहिला का, या सगळ्यावर पुढचं ठरतं. तेवढं ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही.

यातली सिनेमाला आणि बातमीला न परवडणारी गोष्ट अशी, की मोठ्या प्रमाणावर भाजलेलं माणूसही पहिल्या काही तासांत बऱ्याचदा शुद्धीवर असतं. बोलतं. आई आली का विचारतं, पोरं कुठेत विचारतं. त्यातून जे वाचतात त्यांच्यापुढे महिने असतात. ड्रेसिंग, त्वचारोपण, सांधे आखडू नयेत म्हणून रोजचा व्यायाम, महिनोन्‌महिने घालायचे घट्ट कपडे, आरशासमोर पहिल्यांदा उभं राहणं. डॉक्टरांना आणि नर्सबाईंना विचारलं तर त्या सांगतील, ‘मला वाचवा’ हे शब्द त्या वॉर्डात किती वेळा ऐकू येतात. मरायचंच होतं, असं ठरवून वर्षभर तयारी केलेली माणसं तिथे थोडी. भांडण झालं, रागाचा, अपमानाचा, असहायतेचा लोंढा आला आणि काही मिनिटांत होत्याचं नव्हतं झालं, अशी जास्त. आत्महत्या-प्रतिबंधाचं सगळं काम या ‘काही मिनिटां’वर उभं आहे. ती मिनिटं टळली, तर बरीच माणसं जगतात आणि जगतच राहतात.

बातम्यांच्या भाषेत ही मिनिटं गायब असतात. मराठी वृत्तपत्रांत यासाठी एक ठरलेला साचा आहे: अमक्याला ‘कंटाळून’ तमक्याने पेटवून घेतले. सासरच्या जाचाला कंटाळून, आजारपणाला कंटाळून, कर्जाला कंटाळून. हे क्रियाविशेषण मला अतिशय धोकादायक वाटतं. एक तर ते एकच कारण देतं, आणि कारण दिलं की परिणाम अटळ वाटायला लागतो, जणू कंटाळलेल्या माणसापुढचा तो नेहमीचा थांबा आहे. दुसरा साचा ‘क्षुल्लक कारणावरून’. नवऱ्याने माहेरी जाऊ दिलं नाही, फोन हिसकावला, ही कारणं वार्ताहराने क्षुल्लक ठरवून टाकलेली असतात. शंभरावा फटका बसला तेव्हा आधीचे नव्याण्णव मोजायला तो तिथे नव्हता.

आणखी एक भेद बघा. पुरुष जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उभा राहतो तेव्हा बातमीत ‘आत्मदहन’ असतं. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधीच्या आठवड्यात ‘आत्मदहनाचा इशारा’ हे तर जिल्हा पानावरचं ठरलेलं सदर आहे. बाई स्वयंपाकघरात असते तेव्हा तिने ‘जाळून घेतलेलं’ असतं. एकाला संस्कृत शब्द, मागणी, निवेदन, पोलिसांचा बंदोबस्त. दुसरीला नावसुद्धा नाही, ती ‘विवाहिता’. त्याचं जळणं राजकारण आणि तिचं घरगुती. पण तिचीही काही मागणी असू शकते, आणि तीही कुणीतरी दखल घ्यावी म्हणूनच तिथवर गेलेली असू शकते, ही शक्यता आपल्या व्याकरणातच नाही. उलट त्याच्या ‘आत्मदहना’मागेही थकलेला, झोप उडालेला, मदतीची गरज असलेला एक माणूस असतो, हेही आपल्याला दिसत नाही. दोन्ही शब्द आपापल्या परीने खोटे आहेत.

तिसरा साचा सगळ्यांत जुना, स्टोव्हचा भडका. सत्तरच्या दशकाच्या शेवटी दिल्लीत सत्यराणी चढ्ढा आणि शाहजहाँ आपा या दोघी आया आपापल्या मुली गमावून रस्त्यावर आल्या. ‘ओम स्वाहा’सारखी पथनाट्यं चौकाचौकांत झाली. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: स्टोव्ह नेमका सुनेच्याच अंगावर कसा फुटतो? कायदा हलला. १९८३मध्ये भारतीय दंड विधानात कलम ४९८-अ आलं, १९८६मध्ये ३०४-ब. हुंडाबळीच्या व्याख्येत ‘भाजणे’ हा शब्द थेट लिहिला गेला आणि लग्नापासून सात वर्षांची मुदत घातली गेली. आज भारतीय न्याय संहितेत ते कलम ८० आहे. स्त्री-चळवळीने केलेली भाषेची ही दुरुस्ती फार मोठी होती. ‘अपघात’ या शब्दाखाली झाकलेला खून तिने उघडा केला.

पण त्या दुरुस्तीतूनही एक गोष्ट निसटली, असं मला वाटतं. अपघात की खून, असा सामना रंगला आणि जिने स्वतःच्या हाताने केलं ती दोन्हींच्या मध्ये अडकली. कायद्याने तिला सामावून घेतलं खरं. ३०४-ब आत्महत्या आणि खून यांत फरक करत बसत नाही, परिस्थिती संशयास्पद आणि हुंड्यासाठी छळ एवढं पुरतं. पण कायद्याला ती मेल्यावर लागते. ती जिवंत असताना, पेटण्याच्या आदल्या दिवशी, तिला काय हवं होतं हा प्रश्न कोर्टाचा नसतो. तो आरोग्याचा असतो, आणि आरोग्यखातं त्याला पोलिसांचा समजत होतं.

माझं काम सॉफ्टवेअरचं. रोज कुठल्यातरी फॉर्मच्या मागची यादी बनवावी लागते आणि यादीत तीन पर्याय दिले की जग तीनच प्रकारचं होतं, हे रोज दिसतं. हॉस्पिटलच्या नोंदवहीत, पोलिसांच्या कागदावर अशीच यादी असते: अपघात, आत्महत्या, हत्या. पर्याय कोण निवडतं? बहुतेकदा तीच. तिच्या जबाबावर. पलंगाशेजारी सासू उभी, बाहेर नवरा, पोरं सासरीच, डोक्यात एकच हिशोब की वाचले तर परत त्याच घरात जायचंय. ती म्हणते, स्टोव्ह भडकला. २०१८पर्यंत या हिशोबात आणखी एक आकडा होता, कलम ३०९. आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा. म्हणजे खरं सांगितलं तर ती पेशंटही आणि आरोपीही. खोटं बोलण्याची इतकी पक्की व्यवस्था केल्यावर आपण आकडे खरे यायची वाट बघत होतो.

ते खरे नव्हते, याचा पुरावा आहे. प्राची संघवी, कवी भल्ला आणि वीणा दास यांनी २००९मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास छापला. पोलिसांच्या आकड्यांवर न थांबता त्यांनी मृत्यूच्या कारणांच्या वैद्यकीय नोंदी घेतल्या. त्यांचा अंदाज असा, की २००१ या एका वर्षात भारतात आगीमुळे १ लाख ६३ हजारांहून जास्त मृत्यू झाले. पोलिसांच्या नोंदीच्या सहापट. त्यांतल्या सुमारे १ लाख ६ हजार बायका, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. तरुण बायका आणि तरुण पुरुष यांचं प्रमाण तीनास एक. यांत अपघात किती, आत्महत्या किती, खून किती हे वेगळं काढलेलं नाही, पण निव्वळ अपघात असते तर वयाचा आणि लिंगाचा असा डोंगर एकाच जागी उभा राहिला नसता. वीणा दास मानववंशशास्त्रज्ञ आहेत. त्यांचं नाव या आकडेवारीच्या निबंधावर असणं मला फार योग्य वाटतं. २०१६मध्ये पद्मा भाटे-देवस्थळी आणि लक्ष्मी लिंगम यांनी याच विषयावर लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘दुर्लक्षित आरोग्यप्रश्न’ असे शब्द आहेत.

पुरुषाच्या ‘आत्मदहना’चंही असंच. १९ सप्टेंबर १९९०, मंडल आयोगाच्या विरोधात दिल्लीत विद्यार्थ्यांचं आंदोलन, राजीव गोस्वामी. तो फोटो तुमच्या आईवडिलांना आठवत असेल. तो देशभर छापला गेला आणि पुढच्या काही आठवड्यांत ठिकठिकाणच्या तरुणांनी तेच केलं, अनेक जण गेले. राजीव गोस्वामी मात्र वाचला. पुढे दिल्ली विद्यापीठ विद्यार्थी संघाचा अध्यक्ष झाला, संसार केला, वर्षानुवर्षं दुखणी काढली आणि २००४मध्ये तेहतिसाव्या वर्षी वारला. मधली चौदा वर्षं कुणाच्या लक्षात आहेत? आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, फोटो पहिल्या पानावर आणि माणूस आतल्या पानावरच्या दोन कॉलमांत, हे गणित मला समजत नाही. समजतं खरं तर. फोटोला अर्थ होता, दुखण्याला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटना २०००पासून वार्ताहरांसाठी याबाबतच्या सूचना काढते आहे, २०१९मध्ये तिने चित्रपट आणि नाटकवाल्यांसाठीही वेगळी पुस्तिका काढली. भारतीय प्रेस कौन्सिलने त्याच वर्षी वृत्तपत्रांसाठी सूचना स्वीकारल्या: पद्धतीचं वर्णन नको, ठळक जागा नको, एकच कारण चिकटवू नका, मदत कुठे मिळेल ते द्या. यातली शेवटची सूचना पाळायला किती जागा लागते? ‘टेली-मानस, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही’ एवढीच. मराठी जिल्हा पानांवर ही ओळ शोधून बघा. नेमकी त्याच पानावर वशीकरणवाल्या बाबांची जाहिरात नंबरासकट सापडेल.

मग आग दाखवायचीच नाही का? मला तसं वाटत नाही, आणि याला एक उदाहरण आहे. इराणच्या पश्चिमेकडच्या केरमानशाह प्रांतात तरुण बायकांनी स्वतःला जाळून घेण्याचं प्रमाण मोठं होतं. तिथल्या गिलान-ए-गर्ब या गावात संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. अशा घटनांतून गेलेल्या बायकांच्या गोष्टी व्हिडिओवर घेतल्या आणि गावात लोकांना दाखवल्या. सोबत तुलनेसाठी दुसरं गाव ठेवलं, जिथे असं काही केलं नाही. अहमदी आणि युटरस्टाड यांचा हा अभ्यास २००७मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात आला. व्हिडिओ दाखवलेल्या गावात प्रमाण लक्षणीय घटलं. म्हणजे माध्यम तेच, विषय तोच, फक्त शॉट पुढे चालू ठेवलेला.

या प्रयोगावरही माझा एक आक्षेप आहे. वाचलेल्या बाईचं शरीर इतरांना धाक म्हणून वापरणं बरं नव्हे. ‘बघा, असं होतं’ म्हणून एखादीला उभी करणं हे सतीशिळेच्या उलट टोकाचं पण त्याच जातीचं आहे, तिचं पुन्हा चिन्हच होतं. माझा अंदाज असा, की धाकापेक्षा ओळखीने काम केलं असावं. पडद्यावर शेजारच्या गल्लीतली बाई आपल्याच बोलीत सांगतेय की त्या दिवशी नेमकं काय झालं होतं. बघणारीला पहिल्यांदाच कळतं की हे मलाच होतंय असं नाही, आणि तो दिवस संपतो.

दुसरं उदाहरण आपल्याच घरातलं. रॉकेल. रेशनचं रॉकेल कमी होत गेलं, गॅस येत गेला, २०१६मध्ये उज्ज्वला योजना आली. तिच्या जाहिराती चुलीच्या धुराबद्दल होत्या. पण घरात हाताशी काय आहे, याचा आत्महत्येशी थेट संबंध असतो, हे श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घालून दाखवून दिलं होतं. तिथली माणसं अचानक सुखी झाली नव्हती, पण मरण दूर ठेवल्याने हजारो वाचली. भारतातही नोंदवलेल्या आत्महत्यांत आगीचा वाटा गेल्या काही दशकांत घटत गेला आहे. यावर एकही मराठी कविता नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. स्वयंपाकघरातून एक कॅन नाहीसा होणं यात नाट्य काय? पण ‘ती पेटली’ या ओळीवर गेल्या चाळीस वर्षांत जितक्या कविता झाल्या, त्या सगळ्यांपेक्षा मला तो नाहीसा झालेला कॅन जास्त महत्त्वाचा वाटतो.

‘पद्मावत’नंतर दोन वर्षांनी, २०२०मध्ये, तीच दीपिका पदुकोण मेघना गुलजारच्या ‘छपाक’मध्ये दिसली. ॲसिड हल्ल्यातून वाचलेली मालती. हा सिनेमा हल्ल्यानंतरच्या काळात राहतो: नोकरी शोधणं, शस्त्रक्रिया, खटल्याच्या तारखा, कानच नाही तर झुमका घालायचा कुठे ही अडचण. हल्ल्याचं दृश्य बरंच उशिरा येतं. सिनेमा काही ठिकाणी सपाट आहे, पण कट योग्य जागी आहे. फक्त ही सवलत आपण मालतीला देतो कारण तिची चूक नव्हती. जिने स्वतःच्या हाताने केलं, तिच्या ड्रेसिंगवर, तिच्या झुमक्यावर कुणी दोन तास खर्च करणार नाही. तिला विचारलं जातं, पोरांचा तरी विचार करायचा होतास.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, लागू झाला मे २०१८मध्ये, ‘पद्मावत’नंतर चार महिन्यांनी. त्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा नाही, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. नव्या न्याय संहितेत तर जुनं ३०९ उरलेलंच नाही. कलम २२६ आहे, पण ते सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं. म्हणजे कलेक्टर कचेरीसमोरचा तो अजून गुन्हेगारच, स्वयंपाकघरातली ती नाही. तिच्या बाजूने कायद्याने कट पुढे सरकवलाय. मुंबईत याची तयारी बरीच आधी झाली होती. २०००मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र सुरू केलं, ते हॉस्पिटलच्या आतच. बाई जखम घेऊन येते तिथेच, तिला एकटीला, नातेवाइकांना बाहेर काढून विचारायचं: घरी काय होतं? परत जायला सुरक्षित वाटतं का? आधी कधी जीव द्यावासा वाटला होता का?

मला बघायचा आहे तो सिनेमा इथे सुरू होतो. सासू दाराबाहेर बाकावर, तिच्या मांडीवर डबा. आत दोन बायका, एकीच्या हातात फाईल, दुसरीचे दोन्ही हात पट्ट्यांत. फाईलवर लिहिलंय ‘स्टोव्हचा भडका’. फाईलवाली ती बंद करून बाजूला ठेवते आणि खुर्ची जवळ ओढते.